यंत्राजवळ नारळ वाढवू नये

तर ती पाटी. काल तिथेच थांबलो होतो, चहा आला आणि गोष्ट राहून गेली. "यंत्राजवळ नारळ वाढवू नये." पत्र्याच्या तुकड्यावर लाल ऑइलपेंटने लिहिलेली. मुंबईत इंग्रजी शाळेत शिकलेला एक पोरगा गाडी घेऊन आला होता, तो अक्षरं लावत लावत ती वाचून मला म्हणाला, "काका, इथे गॅरेजात नारळाची रोपं वाढवता की काय?" मी म्हटलं, "अरे, देवापुढचा नारळ आम्ही फोडत नाय, वाढवतो. फोडला म्हणायचं नसतं." तो खो खो हसला. मीही हसलो. पण त्या पाटीकडे बघून मनापासून हसायला मला कधी जमलं नाही, कारण ती लागली माझ्यामुळे. अक्षरं विमलाची आणि खिळा ठोकणारा मी.

आता ही विमला कोण, हे आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हाताऱ्याने मधूनच सुरू केलं.

सगळं एकोणनव्वद सालचं. रत्नागिरीत साळवी स्टॉपच्या अलीकडे खंडूशेठचं गॅरेज होतं. मी तिथला सगळ्यात जुना मिस्त्री. ट्रकच्या स्प्रिंगच्या पट्ट्या बदलायच्या तर रघूनेच, असं ड्रायव्हर लोक म्हणायचे. पावस गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो, पुढचं सगळं गाड्यांच्या पोटाखाली पडून. विमला मिरकरवाड्यातली. बाप होडीवर, आई सोनूबाई मासळी विकायची. आयटीआयमध्ये रेडिओ दुरुस्तीच्या वर्गात तीस पोरं आणि ही एकटी पोरगी. वाड्यातल्या सगळ्या होड्यांवरचे रेडिओ हिच्याकडे यायचे.

माझी तिची ओळखही रेडिओवरूनच. माझा रेडिओ थोबाडीत दिल्याशिवाय बातम्या सांगत नसे. तिने तो उघडला. आत एका तारेवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी होतं, त्यावर बोट फिरवलं आणि बोट जिभेला लावलं. मी म्हटलं, "अगो, विष-बिष असेल!"

"मीठ आहे, काका. रेडिओ होडीवर नेता काय?"

"होडीवर कशाला? स्वयंपाकघरात, फळीवर असतो."

"आणि त्याच्या वरच्या फळीवर?"

वरच्या फळीवर आमची मिठाची बरणी. पावसाळ्यात तिला पाणी सुटायचं आणि थेंब थेंब रेडिओत. झालं! तिची ही सवयच होती. होडीवरचा रेडिओ भिजून आला की आधी जीभ लावायची. समुद्राचं पाणी असेल तर धुण्याची रीत वेगळी, पावसाचं असेल तर वेगळी. सेलसुद्धा जिभेला टेकवून सांगायची, अजून चार दिवस चालेल. आयटीआयच्या गुरुजींनी तिला यासाठी दोनदा वर्गाबाहेर काढलं होतं म्हणे.

मी खंडूशेठकडे तिच्यासाठी शब्द टाकला. शेठ म्हणाला, "गॅरेजात बाईमाणूस? शिव्या ऐकून पळून जाईल."

मी म्हटलं, "शेठ, तिची आई रोज मासळीच्या लिलावात उभी असते. आपलं गॅरेज म्हणजे तिला देवळाचं आवार वाटेल."

घेतलं तिला. गाड्यांच्या वायरिंगला, बॅटऱ्यांना. पण कच्ची. पक्कं करायचं ते नंतर बघू, म्हणाला.

आणि भाद्रपद सरता सरता ते मशीन आलं. गाडीच्या धुरात विषारी वायू किती आहे ते सांगणारं. गाड्यांना आता धुराचा दाखला लागणार, असं सगळीकडे बोललं जात होतं, आणि शेठला वाटलं जिल्ह्यात पहिला दाखला आपण द्यावा. मशीन म्हणजे एक करड्या रंगाची पेटी. समोर घड्याळासारखी तबकडी आणि एक सुई. पाठीमागून लांबलचक रबरी नळी, तिच्या टोकाला लोखंडी दांडी. ती दांडी गाडीच्या सायलेन्सरमध्ये घालायची. आतला पंप धूर ओढून घेतो आणि सुई आकडा दाखवते. स्वच्छ हवेत सुई शून्यावर यायला हवी. पुण्याहून कंपनीचा माणूस आला आणि दोन दिवस विमलाला शिकवून गेला. जाताना तीनदा म्हणाला, "नळीतून पाणी आत गेलं की खेळ खलास." धुराबरोबर थोडी वाफ येतेच, ती अडवायला बाहेर एक काचेची वाटी होती. पण ती थेंबांसाठी. तांब्याभर पाण्यासाठी नव्हे.

दसरा झाला की चौथ्या दिवशी, शनिवारी, मोठ्या कचेरीतले साहेब मशीन बघायला येणार होते. मशीन आणि ते चालवणारा हात, दोन्ही पसंत पडले तर गॅरेजला परवानगी मिळणार. शेठने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "साहेबांनी मान हलवली की विमला पक्की, आणि मशीन तिच्या ताब्यात कायमचं." त्या दिवसापासून ती मशीनला फडक्याने पुसायची ती लहान बाळाला पुसावं तशी.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा. पाने, हातोडे, जॅक, सगळं मांडून त्यावर झेंडू. देवाला गाऱ्हाणं मी घालायचो, माझा आवाज मोठा; बाकीचे मागून व्हय म्हणायचे. यंदा मधोमध नवं मशीन. ते तापायला अर्धा तास लागतो म्हणून विमलाने आधीच सुरू करून ठेवलं होतं. शेठच्या घरच्या मंडळींना पूजेनंतर सुई हलताना दाखवायची होती. मी नारळ वाढवला, पाणी तांब्यात धरलं, आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा महाराजा! आज ह्या नव्या मशीनला तुझ्या पायाशी बसवलंय..."

"व्हय महाराजा!"

"ह्याची सुई वाकडी जाऊ नये, ह्याला कोणाची नजर लागू नये..."

"व्हय महाराजा!"

गाऱ्हाणं झालं, सगळे अंगणात पेढे घ्यायला गेले. विमलाला शेठच्या बायकोने, आवडाबाईने, पेढे वाटायला हाक मारली. मी एकटा राहिलो, हातात नारळाच्या पाण्याचा तांब्या. सगळ्या हत्यारांवर थोडं थोडं शिंपडलं. मशीनवर कसं शिंपडणार? वीज आहे ना आत. मग मनात आलं, ह्याला तोंड आहे की. दांडीचं टोक तीर्थ म्हणून जरासं बुडवावं. बुडवलं. आतला पंप चालू होता हे माझ्या ध्यानातच नाही. घुर्र करून आवाज झाला आणि तांब्या निम्मा झाला.

खरं सांगतो, मला आनंद झाला. मशीन तीर्थ प्यालं! माझ्या आजोबांनी सांगितलेल्या गोष्टींत मूर्ती दूध प्यायच्या, इथे तर पेटी नारळपाणी पिते. शेठला हाक मारणार तेवढ्यात काचेच्या वाटीकडे लक्ष गेलं. काठोकाठ भरलेली. आणि कंपनीच्या माणसाचं बोलणं आठवलं.

बाहेरून हसणं ऐकू येत होतं. तेव्हा मी जे केलं ते सांगायला मला आजही जड जातं. मी ती वाटी फिरवून काढली, पाणी तुळशीच्या डब्यात ओतलं, नव्या सदऱ्याच्या टोकाने वाटी कोरडी केली आणि होती तशी बसवली. नळी खुंटीवर टांगली. मशीनचं बटण बंद केलं. विमला आली, म्हणाली, "बंद कोणी केलं?" मी म्हटलं, "वीज गेली होती, गो." ती म्हणाली, "राहू दे, आज हत्यार वापरायचं नसतंच."

बुधवारी सकाळी तिने मशीन लावलं. अर्धा तास गेला. सुई सातावर जाऊन बसली, हलेना. खोलीत एकही गाडी नाही, धूर नाही, आणि मशीन म्हणतंय धूरच धूर. शून्याचं बटण पिळलं, सुई साडेसहावर आली आणि तिथेच.

मी दाराशी उभा. आत्ता सांगावं, असं मनात आलं. पण ती कामाला लागली होती आणि मला वाटलं, सापडेल हिला, हुशार आहे.

तिची कामाची रीत बघण्यासारखी. हाणामारी नाही, घाई नाही. आधी वीज मोजली. ठीक. मग नळी पेटीपासून सोडवली; सुई तशीच. म्हणजे दोष नळीत नाही, पेटीत. मग नळी परत लावून दांडीचं तोंड अंगठ्याने दाबलं. हवा बंद झाली की आतल्या काचनळीतली गोळी टपकन खाली बसायला हवी. ती आली रेंगाळत. "कुठेतरी चिकटतंय," ती स्वतःशीच म्हणाली. वाटी काढली, प्रकाशात धरली. "काका, ही वाटी किती लख्ख आहे बघा. एवढ्या दमट हवेत एक थेंब नाय?"

मी म्हटलं, "नवं मशीन आहे ना."

गुरुवारी तिने धूर गाळणारा कागद बाहेर काढला. धुराने कागद काळा होतो. हा पिवळट आणि कडक, पापडासारखा. तिने तो वाकवला, तर कडकन मोडला. बराच वेळ हातात धरून बसली. नवा कागद घातला, सुई तशीच.

तेवढ्यात शेठ आला. सुई बघून त्याचा चेहरा मिरचीसारखा झाला. "परवा साहेब येतायत आणि माझ्या खोलीतली हवाच नापास? काय केलंस गो मशीनला?"

"शोधतेय, शेठ."

"शोधतेय! दसऱ्यापर्यंत नीट होतं. पूजेला कोण होतं इथे?" आणि माझ्याकडे वळला. "रघू, तू होतास. काही बघितलंस?"

मी म्हटलं, "मी? मी देवाकडे बघत होतो."

दोन-तीन पोरं हसली. शेठही जरा हसला. विमला हसली नाही. तिने पाना पुसायला घेतलेलं फडकं तसंच हातात धरलं आणि माझ्याकडे बघितलं. आणि मी काय केलं? ट्रकखाली जाऊन झोपलो. त्या ट्रकचं काम आदल्या दिवशीच झालं होतं.

शुक्रवारी मुंग्यांनी सांगितलं. भिंतीवरून एक बारीक रांग उतरत होती, टेबलाच्या पायावरून वर, आणि मशीनच्या पाठीमागच्या भोकातून आत. विमलाने स्क्रू काढले, झाकण उतरवलं. पंपाच्या झडपेत मुंग्या अडकून मेल्या होत्या. त्यापुढची धातूची नळी, जिच्यातून धूर जातो आणि एका टोकाच्या दिव्याचा उजेड पलीकडच्या काचेवर पडतो, ती तिने अलगद सोडवली. दोन्ही काचांवर साय धरल्यासारखा पातळ थर. दिव्याचा उजेड पलीकडे पोचतच नव्हता, म्हणून मशीनला वाटत होतं मध्ये धूर आहे.

तिने काचेवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

मी तिच्यापासून चार हातांवर होतो. ती हलली नाही. माझ्याकडे वळलीही नाही. बोट साडीला पुसलं आणि म्हणाली, "काका, बॅटरीत घालायचं पाणी आणा, नवीन बाटली." बस्स, एवढंच. मी पळत गेलो. मला वाटलं, नाही कळलं हिला. गोड लागलं असेल, पण कसलं ते नाही कळलं. माणूस स्वतःला काय काय पटवतो बघा.

त्या पाण्याने तिने काचा धुतल्या, कापूस बदलून बदलून. पंपाची झडप धुतली. उलट्या बाजूने सायकलच्या पंपाने हवा मारून नळीतल्या मुंग्या काढल्या. मग सगळं साठच्या बल्बखाली ठेवून वाळवलं, हात न लावता, दोन तास. दुपारी जोडून मशीन लावलं. अर्ध्या तासाने सुई सातावरून निघाली आणि उतरत उतरत शून्यावर आली. कंपनीने तपासायला वायूची एक छोटी बाटली दिली होती, तिच्यावर साडेतीन लिहिलेलं. ती लावली, सुई साडेतीनावर. मी टाळी वाजवली. एकट्यानेच.

शेठ आला. "काय झालं होतं?"

"नळीतून पाणी गेलं होतं. आता साफ आहे."

"पाणी? कोणी घातलं?"

विमला थांबली. किती थांबली म्हणता? मला तर त्या वेळात माझं सगळं आयुष्य दिसलं. तोंड उघडायला मला तेवढा वेळ पुरेसा होता. मग ती म्हणाली, "नळी माझ्या ताब्यात होती, शेठ."

"म्हणजे तुझीच चूक."

तिने वायूची बाटली फळीवर ठेवली. मी कापसाचे बोळे गोळा करायला वाकलो.

शेठने तिथल्या तिथे सांगून टाकलं. उद्या साहेबांसमोर मशीनवर त्याचा पुतण्या बाबल्या उभा राहील आणि पुढेही तोच. विमलाने बॅटऱ्या बघाव्या.

शनिवारी साहेब आले. बाबल्या इस्त्रीचा शर्ट घालून उभा. आमच्या स्टॉपवरच्या धाकूची रिक्षा तपासायला लावली. साहेबांनी विचारलं, "मशीन सुरू करून किती वेळाने शून्य लावता?" बाबल्याने छताकडे बघितलं, मग लांब बॅटऱ्यांपाशी उभ्या असलेल्या विमलाकडे. तिने तिकडून तीन बोटं दाखवली आणि मूठ मिटली. "तीस मिनिटं, साहेब!" साहेबांनी मान हलवली. परवानगी मिळाली. शेठने पेढे वाटले. माझ्या वाटणीचा पेढा मी कुत्र्याला घातला, तोंडात फिरेना.

दिवाळीआधी विमला काम सोडून गेली. भांडली नाही, रडली नाही. आपला टेस्टर आणि पक्कड पिशवीत टाकली आणि मागच्या दाराने गेली. आमच्या घरी राही, म्हणजे माझी बायको, विचारायची, "जेवत का नाय हल्ली?" मी म्हणायचो, पोट बरं नाय. घरचा रेडिओ नीट बोलायचा, तो मी लावेनासा झालो.

आणि डिसेंबरात ते मशीन पुन्हा अडलं. बाबल्याने दोन महिन्यांत ती काचेची वाटी एकदाही रिकामी केली नव्हती. सुई आठावर. तो मशीनला चापट्या मारत होता, माझ्या जुन्या रेडिओला मी मारायचो तशा. पुण्याचा माणूस यायला पंधरा दिवस लागणार होते. शेठ दोन दिवस फिरफिर फिरला आणि मग मला म्हणाला, "रघू, तू जा. तुझं ऐकते ती."

धाकूच्या रिक्षात मशीन मांडीवर घेऊन मी मिरकरवाड्यात गेलो. जयस्तंभापासून पुढे प्रत्येक खड्ड्याला ते माझ्या पोटात टोचत होतं. पडवीत सोनूबाई बांगडे निवडत होती. "काय रघूभाव, मशीन आजारी आणि आणलंय कुठे, तर कोळणीच्या दारात! बसा. इकडे वास येईल हां."

"वासाचं काय, सोनूबाय, आम्ही डिझेलची माणसं."

विमलाने पडवीतच पेटी उघडली. बाजूला होड्यांवरचे चार-पाच रेडिओ पोटं उघडी टाकून पडले होते. वाटी काढली तर काळं, तेलकट पाणी. गाळायचा कागद कोळशासारखा काळा. ती गालात हसली. काचा काढल्या, पुसायला कापूस घेतला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आज जीभ नाय लावत?"

तिचा हात थांबला. "आज कशाला? आज धूरच आहे."

सोनूबाई बांगडा हातात धरून थांबली. मी मान खाली घातली आणि सगळं सांगितलं. तांब्या, घुर्र आवाज, वाटी, सदऱ्याचं टोक, वीज गेली म्हणून सांगितलेली थाप, देवाकडे बघत होतो म्हणालो ते. एकही गोष्ट गाळली नाही. म्हटलं, "विमला, तुझ्या जागेवर बाबल्या बसला तो माझ्या बंद तोंडामुळे. तुला आणलं मी आणि घालवलंही मीच. तू चार शिव्या दे, बाय, मला बरं वाटेल."

ती काचा पुसत राहिली. दोन्ही बसवल्या, झाकण लावलं, स्क्रू एकेक करून पिळले, मशीन सुरू करून ठेवलं. अर्धा तास आम्ही तिघं त्या सुईकडे बघत बसलो. सुई शून्यावर येऊन टेकली तेव्हा ती बोलली. तिचे शब्द मला जसेच्या तसे पाठ आहेत:

"काका, मला जीभ लावल्याबरोबर कळलं होतं. अख्ख्या गॅरेजात मशीनला गोड पाजणारा माणूस एकच. शेठसमोर मी थांबले होते ती तुमच्यासाठी, की आता तरी काका बोलतील. शिव्या मी देणार नाय, शिव्या खाऊन तुम्ही सुटाल. मशीन झालंय, उचला. आणि शेठने विचारलं काय बिघाड होता, तर दोन्ही वेळचा सांगा. आधी दसऱ्याचा, मग हा."

मी शेठला दोन्ही सांगितले, त्याच क्रमाने; ती पाटी त्यानंतर लागली.